तुमच्या बाजूला कोणी नव्हतं

दुइल्योने हसत हसत माझ्या मुलीच्या शाळेचं नाव घेतलं, त्या सकाळपासून मी त्याला घाबरायला लागले.

"सिन्योरा मिरेल्ला, तुमची जिनेव्रा आता नदीकाठच्या शाळेत जाते ना? चांगली आहे शाळा. माझ्या बहिणीची पोरंही तिथंच आहेत."

एवढंच बोलला. हातात माझ्यासाठी आणलेला कॉफीचा कागदी कप होता, साखर मला लागते तेवढीच घातलेली. मला किती साखर लागते हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. मी कप घेतला, आभाराचं "ग्रात्सिए" म्हटलं आणि तो वळला की कॉफी बादलीत ओतली. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा कॉफी घेऊन आला आणि मी पिईपर्यंत समोर उभा राहिला. मी प्यायले.

आमची खाऊगाडी ज्यानिकोलोच्या टेकडीवर उभी असायची. तिथल्या कठड्यावरून अख्खं रोम दिसतं आणि खाली भर दुपारी बाराला तोफ उडते, म्हणून अकरापासून माणसांची झुंबड लागते. माझे सासरे तिथे कलिंगडाच्या फोडी विकायचे. मग माझा नवरा ओतेल्लो पोर्केत्ता विकायला लागला. पोर्केत्ता म्हणजे रोझमेरी आणि लसूण भरून भाजलेलं अख्खं डुक्कर, त्याचे काप पावात घालून द्यायचे. त्या वर्षी वसंतात ओतेल्लो गाडीच्या टपावर छत दुरुस्त करायला चढला आणि खाली आला तो पाय मोडूनच. मग गाडी माझ्याकडे आली.

टेकडीवर तीन गाड्यांची परवानगी होती. त्या उन्हाळ्यात मी एकदा कंटाळून मोजल्या तर अकरा निघाल्या. त्यातल्या बहुतेक चुलतभावांच्या. चुलतभाऊ हे आम्ही सगळ्यांनी त्यांना ठेवलेलं नाव. त्यांच्यात खरे चुलत किती आणि नुसते कामावर ठेवलेले किती हे देव जाणे. पण एकाला काही बोललं की दुसऱ्या दिवशी चौघे येऊन गप्पा मारत उभे राहायचे, तुमच्याच गिऱ्हाइकाच्या वाटेत. महापालिकेचे पोलीस आले की त्यांच्या गाड्या टेकडीवरच्या पुतळ्याला एक फेरी मारून यायच्या आणि पोलीस गेले की पुन्हा जागेवर. कोलोसियमपाशी तेच, कारंज्यांपाशी तेच. शहरात जिथं म्हणून कोणी कॅमेरा काढतो तिथं तळणीचा वास आणि जनरेटरची घरघर.

दुइल्यो त्यांच्यातला थोरला नव्हता, पण बोलायला त्यालाच पुढे करायचे. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, आवाज कधी चढायचा नाही.

"ओतेल्लोचा पाय बरा होईपर्यंत गाडी आम्हाला चालवू द्या," तो म्हणाला. "बाईमाणसाने या उन्हात कशाला भाजून घ्यायचं?"

"मला ऊन आवडतं," मी म्हटलं.

"बघा बुवा. इथं जागा फार कमी आहे. एखाद्याचं चुकून काही व्हायचं."

घरी मी ओतेल्लोला सांगितलं. तो प्लास्टरमधला पाय स्टुलावर ठेवून बसला होता. मग म्हणाला, "देऊन टाकायची का?"

त्याच्या आईने स्वयंपाकघरातून ऐकलं. एर्सीलिया, माझी सासू, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, दिसायला चिमणी आणि तोंड भोंग्यासारखं. ती हातातला डाव घेऊन बाहेर आली.

"कोणाला द्यायची? त्या पोरांना? त्यांच्या बापाला मी नाक पुसायला रुमाल दिलाय! उद्यापासून मी येते हिच्याबरोबर. बघते कोण काय करतो."

"आई, तुम्ही काय करणार तिथं?"

"पाव कापीन. आणि बोलीन."

बोलली मात्र खरंच. सकाळी गाडीत बसली की मेलेल्या शेजाऱ्यांपासून सुरुवात करायची ती रात्रीच्या जेवणापर्यंत यायची. मला आधी वैताग यायचा. पण चार दिवसांत मला तिच्या आवाजाचा आधार वाटायला लागला. तिच्यासमोर दुइल्योही जरा चाचरायचा. "आजी, आज काय म्हणता?" असं विचारायचा आणि ती त्याच्या शर्टाच्या इस्त्रीला नावं ठेवायची.

जुलैमधली ती सकाळ आधीच तापलेली होती. आमची गाडी मी लवकर नेऊन लावली, डावीकडे पाइनचं जाडजूड झाड आणि दगडी कठडा, उजवीकडे मोकळं, तिकडेच विक्रीची फळी झापेसारखी वर उघडायची. थोड्या वेळाने पुढे दुइल्योची गाडी येऊन लागली, अगदी बंपरला बंपर. मग दुइल्यो खाली उतरून आला.

"सिन्योरा, फळी दोन मिनिटं खाली घ्या. आमची एक गाडी इथून पुढे काढायचीय, वर अडकेल."

मला तेव्हाच आतून वाटलं की घेऊ नये. पण तो वाट बघत उभा होता, हसत होता, आणि मला त्याच्या तोंडून पुन्हा शाळेचं नाव ऐकायचं नव्हतं. मी फळी खाली घेतली. त्यांची गाडी आली आणि आमच्या बरोबर शेजारी थांबली, मधे हात घालायला जागा नाही अशी. चालवणारा पलीकडच्या दाराने उतरला आणि निघून गेला. फळी वर ढकलून पाहिली तर चार बोटं उघडली आणि त्या गाडीच्या अंगाला जाऊन टेकली.

"हलवतील, हलवतील," एर्सीलिया म्हणाली. "नाही हलवली तर मी जाते बाहेर आणि त्याचे कान उपटते."

तेवढ्यात मागून धप्प असा आवाज आला. तिसरी गाडी मागच्या दाराला टेकली होती. मी दार ढकललं. हाताचा पंजा बाहेर जाईल एवढं ते उघडलं.

मी त्या फटीतून हाका मारल्या. "अहो! गाडी घ्या मागे! आम्ही आत आहोत!" कोणीतरी म्हणालं, "आत्ता घेतो," आणि त्याच्या चपलांचा आवाज दूर गेला.

मी स्वतःला समजावलं की हे नेहमीचंच आहे. आजचा धंदा बुडवायचा, एवढाच त्यांचा बेत. संध्याकाळी निघतील. पाणी आहे, पाव आहे, टपाच्या खाली हवेची जाळी आहे आणि तिला लावलेला छोटा पंखा बाहेरची हवा आत ओढतोय. घाबरण्यासारखं काय आहे? मी पंखा वाढवला.

एर्सीलिया पावांच्या करंडीवर बसून तिच्या मावशीच्या लग्नाची गोष्ट सांगत होती. नवरदेव वरातीतून पळून कसा गेला आणि त्याला टायबरच्या पुलावर कसा पकडला. मी शंभरदा ऐकलेली गोष्ट. माझं डोकं दुखायला लागलं. उन्हामुळे, मला वाटलं. जनरेटरच्या धुराचा वास येत होता, पण तो टेकडीवर सदाच असायचा, आमच्या कपड्यांनाही यायचा. मग मला मळमळलं. मी ओट्याला धरून उभी राहिले आणि माझ्या लक्षात आलं की पुलावर पकडलेल्या नवरदेवाचं पुढे काय झालं हे मी ऐकलंच नाही.

कारण कोणी सांगतच नव्हतं.

मी वळले. एर्सीलिया भिंतीला डोकं टेकून बसली होती, तोंड अर्धं उघडं. गाल छान गुलाबी दिसत होते. "आई," मी म्हटलं. "आई, झोपलात?" खांद्याला धरून हलवलं तर ती सरळ माझ्या अंगावर कलली. श्वास चालू होता, पण अगदी वरवरचा, सशासारखा.

तेव्हा मी वर जाळीकडे पाहिलं. जाळीच्या पलीकडे काळ्या रबरी नळीचं तोंड होतं. फळीच्या फटीतून पाहिलं तर शेजारच्या गाडीचा जनरेटर आमच्याकडच्या अंगाला होता, त्याच्या धुराच्या नळीला कोणीतरी नवीकोरी नळी जोडून वर आणली होती, आणि ती थेट आमच्या जाळीत फुंकत होती. माझा पंखा ते सगळं आत ओढत होता. आणि तो मीच वाढवला होता.

मी पंखा बंद केला. फडकं घेऊन जाळीत कोंबलं. फळीवर दोन्ही मुठी आपटल्या, मागच्या फटीला तोंड लावून ओरडले. बाहेर नेमकी त्या वेळी माणसं मोठ्याने आकडे मोजत होती, दहा, नऊ, आठ, तोफेसाठी मोजतात तसे, वेगवेगळ्या भाषांत, हसत. माझी किंकाळी त्यांच्या 'एक'मध्ये मिसळली. तोफ उडाली, जमीन हलली आणि टाळ्या पडल्या.

इतकी माणसं, इतक्या जवळ, आणि आम्ही इथे मरणार.

स्वयंपाकाच्या भागातून पुढे ड्रायव्हरच्या जागेकडे एक सरकती खिडकी आहे, पाणी-बिणी द्यायला. मी काही बारीक बाई नाही. मी डोकं घातलं, एक खांदा घातला आणि अडकले. पाय हवेत, पोट खिडकीच्या कडेवर. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते आणि मला झोप येत होती, गोड, गाढ झोप. त्या झोपेची मला जेवढी भीती वाटली तेवढी दुइल्योचीही कधी वाटली नव्हती. मी सीटचा पट्टा धरून स्वतःला ओढलं. कमरेची कातडी सोलली गेली आणि मी डोक्यावर सीटमध्ये पडले.

डावीकडची काच खाली केली. हवा! झाडाची साल नाकाला लागत होती, पण हवा होती. दार उघडून पाहिलं तर ते झाडाला जाऊन आदळलं. दुसरं दार शेजारच्या गाडीला. मग मी भोंग्यावर दोन्ही हात ठेवले आणि उचललेच नाहीत. टेकडीवर भोंगे काही कमी वाजतात का? कोणी ढुंकूनही पाहिलं नाही.

एकच उपाय उरला होता. दुइल्योची गाडी ढकलायची. मी किल्ली फिरवली, गियर टाकला. आणि समोर, आमच्या आणि त्याच्या गाडीच्या मधल्या फटीच्या तोंडाशी एक मुलगी उभी होती. टोपी घातलेली, हातात बर्फाच्या गोळ्याचा पेला. एक पाय तिने आमच्या बंपरवर ठेवला होता आणि बुटाची नाडी बांधत होती.

"हट! हट तिथून!" मी ओरडले, भोंगा वाजवला, हात हलवले. तिने वर पाहिलं. तिला वाटलं मी तिला नमस्कार करतेय. ती हसली. तिने फोन काढला आणि माझा फोटो काढला.

मागे एर्सीलिया मरत होती आणि माझा पाय क्लचवर होता. देवाशपथ सांगते, एक क्षण असा आला की मी क्लच सोडणार होते. मग मी रडायला लागले. बहुतेक माझं रडणं पाहूनच तिचं हसू उतरलं. ती घाबरून मागे सरकली, पाय काढला. त्याच दमात मी क्लच सोडला.

आमची गाडी दुइल्योच्या गाडीवर आदळली. त्याच्या काउंटरवरच्या बाटल्या कोसळल्याचा आवाज आला, बाया किंचाळल्या. मी आणखी दाबलं. हातभर, जास्तीत जास्त हातभर आम्ही पुढे सरकलो.

आता मागचं दार उघडणार होतं. पण ते आतून उघडायला मला परत त्या खिडकीतून आत जायचं होतं. मी काचेबाहेर तोंड काढून छाती भरून श्वास घेतला आणि परत गेले. कशी गेले ते मला आठवत नाही. एर्सीलियाच्या काखेत हात घातलेले आठवतात. तिचं वजन काहीच नव्हतं, तरी मला ती हलेना. पाठीने दार ढकललं, ते उघडलं, आणि आम्ही दोघी त्या फटीत कोसळलो.

"वेड लागलंय का तुम्हाला, बाई?" दुइल्यो गाड्यांच्या मधून घुसत येत होता. त्याचा आवाज पहिल्यांदाच चढलेला मी ऐकला. "माझ्या गाडीची..." आणि त्याला एर्सीलिया दिसली.

त्याचा चेहरा पिठासारखा झाला. त्याने मान वळवून जनरेटरकडे पाहिलं, वर गेलेल्या नळीकडे पाहिलं. मग वाकून तिला उचललं.

"हात लावू नकोस तिला!" मी ओरडले. निदान मला तसं वाटलं, माझ्या तोंडून आवाज निघाला की नाही कोण जाणे. तो तिला घेऊन पळत सुटला होता.

मी त्याच्या मागे. पाय वाकडेतिकडे पडत होते. तो तिला कुठे नेतोय? मला काही म्हणता काही कळत नव्हतं, एवढंच दिसत होतं की ज्या माणसाला मी सर्वांत जास्त भ्यायचे तो माझ्या सासूला उचलून माझ्यापासून लांब नेतोय. "गाड्या काढा! रस्ता द्या!" तो ओरडत होता. त्याचे भाऊ धावत बाहेर आले. पण काढणार काय? एक काढायची तर आधी तिच्या पुढची निघायला हवी, आणि सगळ्यांत शेवटची गाडी ज्याची होती तो किल्ली खिशात घालून जेवायला गेला होता. खाली वळणावर कोणीतरी फोन करून बोलावलेली रुग्णवाहिका ओरडत होती. पर्यटकांच्या बसगाड्या आणि या गाड्या यांच्यामध्ये ती अडकून पडली होती, जागची हलत नव्हती.

दुइल्यो तिला घेऊन तो सगळा उतार धावत गेला. इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला होता. वाटेत एकदा गुडघ्यावर पडला, तिला खाली टेकू दिलं नाही, उठला आणि पुन्हा पळाला. मी पोहोचले तेव्हा तिच्या तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा होता आणि तो रस्त्याच्या कडेला ओकत होता.

मला बघून तोंड पुसत म्हणाला, "नळी... गिऱ्हाइकांना धूर लागत होता, सिन्योरा. कुठंतरी फिरवायला हवी होती. तुमच्या बाजूला कोणी नव्हतं."

"आम्ही होतो," मी म्हटलं.

मला रुग्णवाहिकेत घेतलं आणि दार लागलं. दार लागताच मी ते उघडा म्हणून ओरडायला लागले. मला दोघांनी धरून ठेवलं होतं म्हणे.

एर्सीलियाला धुराचं विष उतरवायला दाबाच्या ऑक्सिजनच्या खोलीत ठेवलं. मलाही. ती वाचली. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा वेळ गेला असता तर नसती वाचली. चौथ्या दिवशी ती उशीला टेकून बसली आणि नर्सच्या केसांना नावं ठेवायला लागली तेव्हा ओतेल्लो कुबडी टाकून हमसून रडला.

मग महापालिकेची पोलीसबाई जबानी घ्यायला आली. साधी, थकलेली बाई. तिने मला विचारलं, "नळी मुद्दाम लावली होती असं तुम्हाला वाटतं का?"

खिडकीतून खाली अंगणात जिनेव्रा बाकावर बसलेली दिसत होती.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "पण फळी मला खाली घ्यायला लावली. शेजारी गाडी लावली. मागचं दार अडवलं. मी ओरडले तेव्हा 'आत्ता घेतो' म्हणून कोणीतरी निघून गेलं. आणि त्याने माझ्या मुलीच्या शाळेचं नाव घेतलं होतं." तिने सगळं लिहून घेतलं, मी सही केली.

शेजारच्या खाटेवरून एर्सीलिया म्हणाली, "आता माझंही लिहा. तो पोरगा देवमाणूस आहे."

"आई!"

"काय आई? मला एवढंच आठवतंय. डोळे उघडले तर त्याच्या खांद्यावर होते आणि तो 'आजी, मरू नका, आजी, मरू नका' म्हणत पळत होता. तू कुठे होतीस तेव्हा?"

मी तिच्या काखेत हात घालून तिला दारापर्यंत ओढलं होतं. माझ्या कमरेवर अजून पट्टी होती. पुढे घरी गेल्यावर ओतेल्लोने तिला सगळं समजावलं, नळीचं, फळीचं, दाराचं. तिने ऐकून घेतलं. दिवसभर बोलली नाही, आणि आमच्या घरात ते फार भयंकर वाटलं. संध्याकाळी मला म्हणाली, "तुझं खरं आहे. माझंही खरं आहे. मी माझे शब्द मागे नाही घेणार." मग तिने माझ्या कमरेची पट्टी स्वतःच्या हाताने बदलली.

चुलतभावांच्या गाड्या टेकडीवरून उचलून नेल्या. दुइल्योचा परवाना गेला. टेकडीवरच्या मोकळ्या जागेत पिवळे पट्टे मारले, तीन गाड्यांचे, मधे माणसं चालतील एवढी जागा सोडून. आमचा पट्टा झाडाजवळचाच आला. ओतेल्लो पाय बरा झाल्यावर गाडी चालवायला लागला. मी बाहेर उभी राहून पाणी आणि फळं विकते. आत जायचा प्रयत्न केला मी, दोनदा. पायरीवर पाय ठेवला की अंगाला घाम सुटतो. ओतेल्लो कधी आग्रह करत नाही.

कोणी आमच्याकडे आलं नाही. धमकी आली नाही, फोन आला नाही. जिनेव्राला मी वर्षभर शाळेत सोडायला आणि आणायला गेले. ती चिडायची, मैत्रिणी हसतात म्हणायची. हसू देत.

गेल्या आठवड्यात शहराबाहेरच्या घाऊक बाजारात गेले होते. गल्ल्यासमोर रांगेत उभी होते तर मागून आवाज आला, "सिन्योरा मिरेल्ला."

दुइल्यो होता. बारीक झाला होता. ढकलगाडीत नुसती पिठाची पोती. म्हणे आता बहिणीच्या नवऱ्याच्या बेकरीत काम करतो.

"आजी कशा आहेत?"

"बऱ्या आहेत. बोलतात."

"माझा नमस्कार सांगा त्यांना."

"सांगते."

रांग पुढे सरकली. तो माझ्या अगदी मागे होता, त्याच्या ढकलगाडीचं टोक माझ्या टाचेपाशी आलं होतं. माझ्या पुढेही माणूस, दोन्ही बाजूंना सामानाच्या उंच थप्प्या. मला श्वास पुरेना.

"तुम्ही पुढे व्हा," मी म्हटलं.

"नाही नाही, तुम्ही आधी आलात, सिन्योरा."

"व्हा ना पुढे!" माझा आवाज इतका मोठा निघाला की गल्ल्यावरच्या बाईने मान वर केली.

त्याने माझ्याकडे पाहिलं. काय समजायचं ते समजला असावा. मान खाली घालून त्याने ढकलगाडी बाजूने काढली, माझ्या पुढे गेला, पैसे दिले आणि पोती घेऊन बाहेर पडला. मी माझी पाळी आली तरी जागची हलले नाही. काचेतून त्याची व्हॅन फाटकाबाहेर वळताना दिसली, मग मी सामान गल्ल्याच्या सरकत्या पट्ट्यावर ठेवायला घेतलं.